नळीतली लोकर

१

गोरख गेला तो दिवेलागणीला, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या घरच्या बंदुकीने. आणि ती बंदूक दुसऱ्या कोणाच्या नव्हे, त्याच्याच हातात होती.

येडगावच्या धरणाचे पाणी रानात आल्यापासून लोकांनी गावातली घरे सोडली होती. जो तो आपापल्या मळ्यात घर बांधून राहू लागला. रान हिरवे झाले, पण एका घरची हाक दुसऱ्या घरी पोचेनाशी झाली. मधे नुसता ऊस. मग नव्वदनंतरच्या वर्षांत अशा एकट्या घरांवर दरोडे पडू लागले. पलीकडच्या मळ्यात एका म्हाताऱ्या जोडप्याला खाटेला बांधून मारहाण झाली. त्यातली म्हातारी पुढे बोललीच नाही. तेव्हापासून ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती, ते दिवस मावळला की अंगणात येत आणि आभाळाकडे एक बार काढत. याला 'आवाज काढणे' म्हणत. उसात कोणी दबा धरून बसले असेल तर त्याला कळावे, या घरात बंदूक आहे. आवाज आला की आजूबाजूच्या घरांना कड्या लागत.

गोरख राहायचा त्या चिंचमळ्यात अशी बंदूक एकच होती, चांगदेवांची. १९९८ सालचा दसरा नुकताच झाला होता. गेले काही दिवस आवाज निघाला नव्हता, कारण चांगदेव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले होते आणि त्यांचा मुलगा गोरख त्यांच्या सोबतीला होता. दोघे त्याच दिवशी दुपारी परतले. संध्याकाळी गोरख बंदूक घेऊन अंगणात उतरला, तेव्हा शेजाऱ्यांना बरेच वाटले.

पण आवाज नेहमीसारखा आला नाही. नेहमीचा आवाज लांबत जायचा, धरणाच्या भिंतीवर आपटून परत यायचा. हा जागच्या जागी फुटला. त्यामागून गोरखच्या बायकोची, आशाची किंकाळी आली.

गावचे पोलीस पाटील रखमाजी धावत पोचले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. बंदुकीचा मागचा भाग फुटून त्याचे तुकडे गोरखच्या गळ्यात घुसले होते. त्याची आई साळुबाई त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले चांगदेव ओट्यावर उभे राहून एकच विचारत होते, "अरं, आवाज असा का आला? कुणी सांगा की. आवाज असा का आला?"

नळीचा पुढचा भाग उडून कांद्याच्या वाफ्यात पडला होता. रखमाजींनी तो उचलला, उरलेल्या उजेडाकडे धरला आणि आत पाहिले. पलीकडचे काही दिसेना.

बंदूक उडाली होती. तरीही नळी भरलेली होती.

२

ही बंदूक ठासणीची होती. ती कशी भरतात ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचे कोडे कळायला सोपे जाईल.

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची. तिच्यावर बोळा सरकवून लोखंडी गजाने ठासायचा. मग छरे टाकायचे आणि ते सांडू नयेत म्हणून वरून पुन्हा बोळा. झाला एक बार. उडवायच्या वेळी मागे एक लहानशी टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की आग आत जाते. टोपी बसवल्याशिवाय बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. गज आत घालून खोली पाहिली तरच कळते. आणि भरलेल्या नळीत कोणी नकळत दुसरा बार भरला, तर आगीला पुढे वाट मिळत नाही. मग ती मागे फुटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आले. नळी आधी हौदात भिजवली, मग तोंडाकडून काठी घालून आतला ऐवज फुटलेल्या मागच्या बाजूने पोत्यावर काढला. पहिल्यांदा शिशाचे तुकडे आले. मग एक काळा बोळा, मग भिजलेली दारू, मग काथ्याचा बोळा, पुन्हा शिशाचे तुकडे, आणि शेवटी परत काथ्या.

"दोन बार," फौजदार म्हणाले. "एकावर एक. वरचा काथ्याचा. आणि खालचा..." त्यांनी काळा बोळा चिमटीत धरला. "ही लोकर आहे, पाटील."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. अंगणाच्या पलीकडे, कांद्याच्या मोकळ्या रानात, जानकू धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसला होता. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला त्याची मेंढरं इथे खतासाठी बसायची, आणि दिवाळी झाली की माळशेजचा घाट उतरून कोकणात जायची.

मग सगळेच बोलू लागले. जानकूची मेंढरं लसूणघासात शिरली म्हणून गोरखने त्याला थोबाडीत मारली होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यावर जानकूने चारचौघांत म्हटले होते, "या हाताला किडं पडतील तुज्या." आणि दसऱ्याला तो सोनं द्यायला ओट्यावर आला, तेव्हा पूजेची बंदूक तिथेच मांडलेली होती.

"राग होता, संधी होती, लोकरही त्याचीच," फौजदार म्हणाले. "मुद्दाम नळी भरून ठेवली. गोरखला पत्ता नव्हता, त्याने वरून आपला बार ठासला. उद्या दुपारी याला जुन्नरला कोर्टापुढे उभा करतो."

जानकूला जीपमध्ये घातले तेव्हा त्याची बायको गजराबाई जीपच्या मागे गेली नाही. ती रखमाजींपुढे येऊन उभी राहिली.

"पाटील, बाकीचे वाडे दिवाळी झाली की घाट उतरत्यात. एकट्या बाईनं मेंढरं उतरवायची व्हत न्हाईत. आन् हितं उन्हाळ्यात चारा न्हाई." तिने पदराने नाक पुसले. "त्यानं शिवी दिली असंल. शिवीनं बंदूक फुटती का वो?"

पोत्यावर सांडलेला लोकरीचा एक धागा रखमाजींनी उचलला आणि डोक्यावरच्या टोपीच्या घडीत ठेवला.

३

जानकूला गावच्या चावडीतच बसवून ठेवले होते. रखमाजी समोर बसले.

"बंदुकीला हात लावला व्हतास?"

"लावला."

दारातला शिपाई वळून बघू लागला.

"सोनं वाह्यलं न् हात जोडलं. शस्तर हाय, पाया पडायला नको?" जानकू म्हणाला. "पाटील, मला बंदूक भरायला येत असती तर म्या गेल्या साली लांडग्याला बारा कोकरं दिली असती का? गोफणीनं मारतो मी. ते बी लागत न्हाई, तुमाला म्हाईत हाय."

"शिवी का दिलीस?"

"मग काय मुका घिऊ? सगळ्या गावादेखत मारलं त्यानं." त्याचा आवाज खाली आला. "पर दसऱ्याला सोनं दिलं न्, तवा त्यानंच मिठी मारली. म्हणला, जानकूदा, डोकं फिरलं व्हतं माजं. हे कुणी सांगितलं का तुमाला? न्हाई सांगणार. किडं पडतील म्हणलो त्ये बराबर ध्यानात ऱ्हातं."

रखमाजी तिथून थेट जानकूच्या पालावर गेले. दसऱ्याची कातरण झाली होती. लोकरीची पोती एकावर एक रचलेली होती. त्यांनी एका पोत्यात हात घातला. लोकर तेलकट होती, तिच्यात कुसळे आणि लेंड्यांचा भुगा होता. बोटांना मेंढरांचा वास लागला.

त्यांनी टोपीच्या घडीतला धागा काढला आणि तळहातावर ठेवला. हा धागा कोरडा होता, ताठ होता. चिमटीत फिरवला तर त्याचा पीळ सुटून दोन पदर वेगळे झाले. ही मेंढीच्या अंगावरून काढलेली लोकर नव्हती. ही कातलेली, विणलेली, खळ दिलेली लोकर होती. घोंगडीची.

ते चावडीत परतले आणि फौजदारांना म्हणाले, "साहेब, ज्याच्या दारात लोकरीची पोती पडलीत, तो बोळ्यासाठी घोंगडीचा काठ कशाला उसवील?"

"धनगराच्या खांद्यावर घोंगडी असतेच की."

"आणखी एक. ज्याला बंदूक फोडायची, तो नळीत माती कोंबील, दगड कोंबील. हा खालचा बार नीट भरलाय. छरे, वर बोळा, गजानं ठासलेला. आपल्या हातात आलं तेवढं तरी सगळं जागच्या जागी होतं. ज्यानं भरला त्याला बंदूक फोडायची नव्हती, साहेब. त्याला ती उडवायची होती."

फौजदार म्हणाले, "तर्क म्हणून बरा आहे. पण पाटील, मला माणूस लागतो. तर्काला बेडी घालता येत नाही. उद्या दुपारपर्यंत दुसरा माणूस दाखवा, मी याला सोडतो."

रखमाजी पायऱ्या उतरले आणि मधेच थांबले. दुसरा माणूस दाखवा. म्हणजे ज्याला ती बंदूक उडवायची होती असा, चिंचमळ्याच्या त्या घरातलाच.

४

घरात रडून थकलेली शांतता होती. आशाचे भाऊ पारगावहून आले होते. ते गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले होते, आणि गावातल्या दोन बायका त्यांच्याकडे तिरके बघत कुजबुजत होत्या. आशाने मागे एकदा बंदूक विकून टाका म्हणून भांडण काढले होते. आता तेही लोकांना आठवू लागले होते.

"खरं हाय, म्हणले व्हते मी," आशा रखमाजींना म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "लेकरू रांगायला लागलं तवा म्हणले. पाटीलमामा, तुळईला बंदूक न् खाली पाळणा. मला झोप यायची न्हाई. त्ये म्हणायचे, बंदूक हाय म्हणूनच झोप येती येडे."

"दारू, छरे कुठं असत्यात?"

"देवघराच्या फडताळात. पितळी डब्यात. टोप्या बी त्यातच. कुलूप असतं."

"चावी?"

"आत्याबाईंच्या कमरेला."

"काल चावी कुणी घेतली?"

"ह्यांनीच. मी दिवा लावत व्हते. आत्याबाई मामंजींच्या डोळ्यात औषध घालत व्हत्या आतल्या खोलीत. ह्यांनी दारातनं म्हणलं, आई, चावी दे. त्यांनी काढून दिली. भरली मागच्या पडवीत. काथ्या तिथंच असतो, गोठ्याच्या खुंटीला. मला म्हणले, बघ, आता सगळ्या मळ्याला झोप लागंल."

रखमाजींनी पुढचा प्रश्न फार सावकाश विचारला. "दोघं पुण्याला होते, तवा रातीला इथं कोण होतं?"

"आमी दोघीच. न् लेकरू."

"भीती नाही वाटली?"

आशाने त्यांच्याकडे असे पाहिले, की तो प्रश्न विचारल्याची त्यांनाच लाज वाटली. "पयल्या दिवशी उसात काय तरी मोडल्यागत वाजलं. डुक्कर असंल. पर डुक्कर हाय का माणूस, हे बघायला कोण जाणार? आत्याबाई म्हणल्या, तू झोप निवांत, मी हाय ना. त्या बसून ऱ्हायल्या."

"आणि तू?"

"मी डोळं मिटून पडले," ती म्हणाली, आणि मान फिरवली.

फडताळाचे कुलूप रखमाजींनी पाहिले. ओरखडादेखील नव्हता. डब्यातले छरे त्यांनी हातावर घेतले. मासेमारीच्या जाळ्याला लावायचे शिसे आणून चांगदेव ते छिन्नीने तोडत, म्हणून प्रत्येक तुकडा एका बाजूने चपटा होता. नळीतून निघालेले दोन्ही बारांचे तुकडे तसेच होते. अगदी तसेच.

म्हणजे खालचा बारही याच डब्यातून भरला गेला होता. आणि या डब्याची चावी जानकूला कधीच मिळाली नव्हती.

५

चांगदेव आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले होते. पट्टीखालून पाणी गळत होते. ते ऑपरेशनचे की कशाचे, कोण सांगणार? रखमाजी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. दोघे लहानपणी एका शाळेत होते.

"चांगदेव, अष्टमीला बार काढून टाकला व्हतास?"

"मग? खंडेनवमीला भरलेलं शस्त्र पूजेला मांडायचं न्हाई. माज्या आज्यापासून हाय ते. अष्टमीला ओढ्याला जाऊन मीच उडवली. गज घालून बघितला. रिकामी. नवमीला तेल लावलं, हळदकुंकू वाह्यलं, नळीला न् गजाला."

"आणि दसऱ्यानंतर नवा बार कुणी भरला?"

"भरलाच न्हाई. डोळ्याचं निघालं ना मधी. गोरखला म्हणलं, येऊ द्या घरी, मग भरू. काल म्हणला, आबा, तुमी पडून ऱ्हावा, मी भरतो. लई दिस आवाज न्हाई गेला मळ्यातनं."

"गज घालून बघितला असंल का त्यानं?"

"कशाला बघंल? पूजेची रिकामी बंदूक. माज्याशिवाय न् त्याच्याशिवाय तिला हात कोण लावतं ह्या घरात?"

हा प्रश्न खोलीत तसाच राहिला. चांगदेवांनी तो उत्तर मिळावे म्हणून विचारलाच नव्हता. त्यांच्या दृष्टीने त्याला उत्तर नव्हते.

रखमाजींनी मनात सगळे ओळीने मांडले. अष्टमीला नळी रिकामी. नवमीला पूजा. त्यांनी सकाळी नीट पाहिले होते, भिजलेल्या लोकरीच्या बोळ्यावर पिवळसर डाग होता. म्हणजे हळद लागलेल्या गजाने पहिल्यांदा ठासला तो लोकरीचा बोळा. नंतरच्या काथ्यावर हळद नव्हती. खालचा बार पूजेनंतर आणि गोरखच्या बाराआधी भरलेला. त्या मधल्या दिवसांत घरात पुरुष नव्हता. काथ्या गोठ्यात होता, आणि दिवस मावळल्यावर गोठ्यापर्यंत जायची हिंमत ज्या माणसाला झाली नाही, त्याने हाताशी आले ते घेतले.

त्यांची नजर खाली गेली. चांगदेव ज्या घोंगडीवर बसले होते, तिचा एक कोपरा वळकटीखाली दुमडून ठेवलेला होता. रखमाजींनी तो हळूच बाहेर ओढला.

काठ वीतभर उसवलेला होता.

"काय करतूस रे?" चांगदेवांनी विचारले.

"काय न्हाई," रखमाजी म्हणाले, आणि कोपरा पुन्हा होता तसा दुमडून ठेवला.

दारात साळुबाई उभी होती. हातात औषधाची बाटली. ती किती वेळ उभी होती, कळायला मार्ग नव्हता.

६

ती बाहेर गेली. रखमाजी तिच्या मागोमाग हौदापर्यंत गेले. बोलावे तर एका आईला सांगायचे की तुझ्या हाताने तुझा मुलगा गेला. न बोलावे तर उद्या दुपारी जानकू कोर्टात, आणि गजराबाई एकटी, चाऱ्यावाचून मरणाऱ्या मेंढरांत. तिसरी वाट त्यांनी खूप शोधली. सापडली नाही.

"वहिनी," ते म्हणाले आणि थांबले.

"सकाळी पोत्यावर काढलं ना सायबानं," साळुबाई म्हणाली, "तवाच वळखलं मी. त्याच्या आधी न्हाई. त्याच्या आधी म्या इचार केला, असंल जुनी नळी, गंजली असंल. मग ती लोकर बघितली."

रखमाजी हौदाच्या कठड्यावर बसले.

"पयल्या राती उसात वाजलं. पोरीला झोप म्हणलं, पर माजेच पाय कापत व्हते. तीस वरसं ह्यांना भरताना बघितलंय. येत न्हाई असं न्हाई. भरली न् मांडीवर घिऊन बसले. काय बी झालं न्हाई. सकाळी परत टांगली. ह्यांना सांगायचं तर ह्ये म्हणणार, पूजेचं शस्त्र बाईनं धरलं. म्हणून गप बसले. म्हणलं, गोरख येईल, उडवंल, म्हंजी मिटलं."

"आणि त्यानं चावी मागितली तवा?"

"टोपीला मागितली असंल म्हणले. वाटलं, गज घालून बघंल, भरलेली कळंल, मग टोपीच तेवढी लागंल." तिने हौदातल्या पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. "टोप्या बी त्यातच असत्यात ना. मनात आलं, सांगावं, भरलीया म्हणून. ह्यांचा डोळा उघडा धरला व्हता, बाटलीतनं थेंब सुटत न्हवता. म्हणलं, थेंब सुटू दे, मग सांगते." तिने हात पाण्याबाहेर काढला. "थेंब सुटायच्या आधी वाजलं."

रखमाजींना वाटले, उठून निघून जावे. पण ते उठले नाहीत.

"जानकूला धरलं तवा मी तोंड उघडलं न्हाई, पाटील. समोर उभी व्हते. त्याला गाडीत घातला, तरी न्हाई उघडलं. म्हणलं, आशाला कळलं तर ती माज्याकडं कशी बघंल? तिच्या हातची भाकर कशी घेऊ मी?"

"तुमी न्हाई सांगितलं तर मला सांगावं लागंल, वहिनी. मला जमंल असं वाटत न्हाई. पण सांगावं लागंल."

"नगं. मी सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर फौजदार बसले. साळुबाईने सगळे सांगितले, सांगताना कुठेही आवाज चढवला नाही. ती मधे थांबली की फौजदार पुढचे विचारत नसत, वाट बघत. चांगदेव आतून भिंत चाचपत बाहेर आले.

"साहेब, ल्ह्या. दोन्ही बार मी भरले. परवाना माज्या नावावर हाय. बंदूक माजी."

"आजोबा, तुम्ही दवाखान्यात होता."

"मग काय झालं? ल्ह्या तुमी."

"तसं लिहिता येत नाही."

चांगदेव तिथेच उभे राहिले. बसायचे कुठे ते त्यांना दिसत नव्हते आणि कोणाला त्यांना धरायचे सुचले नाही. मग आशा उठली. तिने सासऱ्यांना हाताला धरून बसवले, आणि सासूसमोर जाऊन उभी राहिली. साळुबाईने मान वर केली नाही.

"आत्याबाई, दुसऱ्या राती मी बी उठले व्हते," आशा म्हणाली. "तुमाला डोळा लागला व्हता. मी तुळईवरनं बंदूक काढली. भरायची कशी, एवढं बघून मला बी ठावं हाय. फकस्त चावी तुमच्या कमरेला व्हती. ओढली असती तर तुमी जाग्या झाल्या असत्या. माज्या कमरेला असती, तर मीच भरली असती."

हे ऐकून कोणाचे समाधान व्हावे असे त्यात काही नव्हते. तिला ते सांगायचे होते, तिने सांगितले. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

फौजदारांनी जानकूला सोडले. तो आला, घरापासून अंतर राखून उभा राहिला. साळुबाई त्याला म्हणाली, "मी गप ऱ्हायले, जानकू." त्याने हात जोडले आणि तो मेंढरांकडे वळला. फौजदार म्हणाले, साळुबाईंचे काय करायचे ते वरचे ठरवतील, मला अधिकार नाही. बंदुकीचे तुकडे पोत्यात बांधून ते गेले. जाताना त्यांनी रखमाजींच्या खांद्यावर हात ठेवला. कोडे सुटले होते, पण शाबास म्हणायची जागा ती नव्हती, हे त्यांनाही कळत होते.

अंगण रिकामे झाले. साळुबाई म्हणाली, "पाटील, एक इचारू? तुमी मीटिंगला जाता. तालुक्याला समदं कळत असंल तुमाला."

"विचारा, वहिनी."

"दरोडे अजून पडत्यात का?"

रखमाजींना उत्तर ठाऊक होते. पलीकडच्या मळ्यात ज्यांनी म्हाताऱ्या जोडप्याला मारहाण केली, ती टोळी नगरकडे केव्हाच पकडली गेली होती. त्यानंतर दोन पावसाळे गेले, आणि आसपासच्या एकाही मळ्यावर दरोडा पडला नव्हता. मीटिंगमध्ये साहेबांनी हे हसत हसत सांगितले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मग चहा आला होता.

"न्हाई," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. एक बी न्हाई."

साळुबाईने ते ऐकले. तिला जणू दूरच्या कोणाची तरी बातमी कळली.

"चोर आले तवा तुमीच दारोदार आलता," ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, ती फक्त आठवून बोलत होती. "रातीला जागं ऱ्हावा म्हणत व्हता. मग थांबले, तवा का न्हाई आला सांगाय?"

जागे राहा असे सांगायचा हुकूम वरून आला होता. आता झोपा असे सांगायचा हुकूम कोणीच काढला नव्हता, आणि तो काढायला हवा, हे रखमाजींच्यासुद्धा मनात आले नव्हते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आत लेकरू उठून रडू लागले, त्याला घ्यायला साळुबाई उठली, आणि दाराशी जाऊन थांबली. आत आशा होती. आपण त्याला उचलावे की नाही, हे तिला ठरवता येईना.